बुंध्याशी सिमेंट : एका प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै २०२४, रविवार

विषय ठरला. बीएस्सीचं तिसरं वर्ष, बॉटनी-झूलॉजी-केमिस्ट्री. वर्गातल्या बहुतेकांनी तलावाच्या पाण्याचे नमुने घेतलेत, दोघांनी फुलपाखरं. मी घरापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेवरची झाडं घेतली. धरमपेठ, शंकरनगर, बजाजनगर या पट्ट्यात सिमेंटचे रस्ते झाले, तेव्हा बऱ्याच कडुनिंबांच्या अगदी बुंध्यापर्यंत सिमेंट नाहीतर गट्टू (सिमेंटचे ठोकळे) आले. आळंच उरलं नाही. पावसाचं पाणी खोडावरून उतरतं आणि सरळ नालीत जातं.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं: "बुंध्याशी सिमेंट केल्यानं कडुनिंबाचं नुकसान होतं हे मला दाखवायचं आहे."

इकॉलॉजीत जायचं म्हटलं की घरी-दारी सगळ्यांना वाघ आठवतो. नागपुरात राहून ते साहजिक आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, सगळं हाकेच्या अंतरावर. मलाही वाघ आवडतो. पण ज्या झाडाखालून मी रोज जाते त्याला काय होतंय हे मला सांगता येत नाही, याची जास्त बोच आहे.

१३ जुलै २०२४, शनिवार

घेर मोजायची पद्धत शिकले. जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप आडवा आणि ताठ. खोड तिरकं असेल तर खोडाच्या कलाप्रमाणे मोजायचं. त्या उंचीवर गाठ आली तर थोडं वर किंवा खाली सरकायचं आणि किती सरकलो ते लिहायचं. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास.

पहिली पाच झाडं मी आणि मैत्रिणीनं वेगवेगळी मोजली. आकडे जुळेनात. प्रत्येक वेळी माझा आकडा कमी. शेवटी दोन्ही टेप एकमेकांशेजारी धरले, तर माझा कापडी टेप ताणून लांब झालेला निघाला. आईच्या शिलाईच्या डब्यातला, किती वर्षांचा कोण जाणे. फायबरचा नवा घेतला आणि पाचही झाडं पुन्हा मोजली.

३० मे ची गोष्ट आठवली. शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश तापमान दिसलं आणि तो आकडा देशभर फिरला. पुढे हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. ऊन खरंच भयंकर होतं, म्हणून आम्हा सगळ्यांना तो आकडा पटला. पटलेला आकडा कोणी पुन्हा तपासत नाही. टेपच्या बाबतीतही, माझे पाच आकडे मला पटलेच होते.

२८ जुलै २०२४, रविवार

२० झाडं रस्त्यावरची, सगळी सिमेंटात. २० झाडं कॉलेजच्या आवारातली, सगळी मातीत. प्रत्येकाच्या पानोऱ्याला, म्हणजे वरच्या सगळ्या पानांच्या पसाऱ्याला, ०, १, २ असे गुण: विरळ, मध्यम, दाट. निंबोळ्या आहेत-नाहीत, वाळके शेंडे किती, तेही रकान्यात.

एका झाडाखाली पानठेला आहे. काका खर्रा घोटता घोटता बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "काय मोजून राहिली, बाई?" सांगितलं. त्यांनी हात पुसला आणि वर बोट दाखवलं. "तो शेंडा दिसते का? सिमेंट केलं ना, त्याच्या दुसऱ्या साली वाळला तो. आधी इथं दुपारी दोन वाजतासुद्धा ऊन नव्हतं येत." मी शब्दन् शब्द लिहून घेतला. या झाडाला ते रोज बारा तास बघतात, मी महिन्यातून एकदा.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आलेख काढला. आवारातल्या झाडांचे गुण स्पष्ट वर, रस्त्यावरच्यांचे खाली. इतका मोठा फरक येईल असं वाटलं नव्हतं. रात्री बाबांना दाखवला. ते म्हणाले, "हा पेपरात छापायला पाहिजे." मलाही तसंच वाटलं.

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

प्रकल्पाच्या मॅडमनी आलेखाकडे दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "आवारातल्या झाडांना पाणी कोण देतं?"

माळी.

"रस्त्यावरच्यांना?"

कोणी नाही.

"रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या विजेच्या तारांसाठी कोण छाटतं? आवारातल्या छाटतात का? धूर किती? रात्रभर दिवे कुठे? दोन्हीकडच्या झाडांची वयं सारखी आहेत?"

एकेका प्रश्नासरशी माझा आलेख खाली बसत गेला. मी सिमेंट आणि माती यांची तुलना केलीच नव्हती. मी एक रस्ता आणि एक बाग यांची तुलना केली होती, आणि त्या दोघांत पन्नास गोष्टी वेगळ्या आहेत. त्यातल्या एकीचं नाव सिमेंट. फरक कशामुळे आला हे त्या ४० झाडांवरून कधीच कळणार नाही, मग मी आणखी ४०० मोजली तरी. हे ऐकून पोटात गोळा आला. मेहनत कमी पडली असती तर वाढवता आली असती, इथे रचनाच चुकलेली.

मग त्यांनी रजिस्टरचं पहिलं पान उघडलं आणि "दाखवायचं आहे" या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारली. म्हणाल्या, "तुला इकॉलॉजीत जायचंय ना? मग आधी ठरव, नुकसान होत नसेल तर ते तुला कशावरून कळेल? ते कळायची सोय तुझ्या रचनेत नसेल, तर होत असल्याचं कळायचीही नाही."

घरी येऊन खूप वेळ ते पान बघत बसले. वाक्य खोडलं नाही. खाली नवं लिहिलं: "एकाच रस्त्यावर, सारख्या घेराच्या दोन कडुनिंबांपैकी बुंध्याशी सिमेंट असलेल्याचा पानोरा आळं असलेल्यापेक्षा विरळ असतो का?"

आता हे वाक्य प्रश्नचिन्हानं संपतं.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

तान्हा पोळा. महाल-इतवारीकडे मारबतीची गर्दी, इकडे गल्लीत लाकडी नंदी घेतलेली पोरं. आज नोंद नाही.

जुलैतल्या तक्त्यात एक घोळ सापडला. ज्या दिवशी गेले नाही तिथेही मी निंबोळ्यांच्या रकान्यात ० टाकलाय, आणि जिथे बघूनही निंबोळ्या दिसल्या नाहीत तिथेही ०. आता दोन्ही वेगळे करता येत नाहीत. तो रकाना पूर्ण बाद. इथून पुढे पाहिलं आणि नव्हतं तर ०, गेले नाही तर रिकामं.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

जोड्या शोधणं फार कठीण आहे. एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून जास्तीत जास्त ५० मीटरवर, घेरात १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नाही, एक सिमेंटात, एक आळ्यात. आळं म्हणजे किती? त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत दिलेला आदेश आधाराला धरला: बुंध्याभोवती १ मीटर मोकळं. चार रविवार सायकल फिरवून १४ जोड्या मिळाल्या. ज्यांच्या दारात आळं शिल्लक आहे, त्यांतल्या बऱ्याच घरी कोणीतरी म्हातारं माणूस आहे, त्यांनी काम चालू असताना उभं राहून तेवढी माती राखून घेतली. एका आजींनी मला चहा दिला आणि आळ्यात त्या तांदळाचं धुवण ओततात हे सांगितलं. ते "शेरा" या रकान्यात लिहिलं. ते पाणीच आहे, म्हणजे हिशेबात धरायला हवं.

पानठेल्याचं झाड जोडी क्रमांक ६ मध्ये आलं.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

०, १, २ असे गुण देणं सोडलं. सिमेंट दिसत असताना माझा डोळा आपोआप झाड विरळ ठरवतो, याबद्दल आता मला शंका नाही. त्याऐवजी मोबाइल बुंध्यापासून १ मीटरवर, छातीच्या उंचीला, कॅमेरा वर करून ठेवायचा, चार दिशांना चार फोटो. ऊन पडायच्या आत, कारण उन्हात पानं चमकतात आणि आकाशासारखीच पांढरी येतात. म्हणजे पहाटे साडेपाचला घराबाहेर. बाबा स्कूटरवर सोबत आले. एका कॉलनीत चौकीदारानं थांबवलं, कॉलेजचं पत्र दाखवल्यावर तो स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला.

२८ झाडं, ११२ फोटो.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

इमेज-जे नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फोटो काळा-पांढरा करायचा, पांढरं म्हणजे आकाश, काळं म्हणजे पान आणि फांदी, मग पांढरं किती टक्के ते मोजायचं. कुठल्या छटेपासून पांढरं धरायचं हे माणूस ठरवतो आणि तिथेच मन डोकावतं. म्हणून कॉमर्सच्या मैत्रिणीला बसवलं. फोटोंची नावं काढून नुसते आकडे दिले, क्रम विस्कटला, आणि माझा प्रश्न काय आहे ते तिला सांगितलं नाही. तिनं तीन दुपारी घालवून ११२ फोटो केले. कुठला आकडा कुठल्या झाडाचा याची किल्ली माझ्याकडे, बंद पाकिटात.

पाकीट अजून उघडलं नाही. आधी सगळे आकडे पक्के व्हायचे आहेत.

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

मॅडमची एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजला आली होती, आता पीएचडी करतेय. ताईंना आम्ही पाच-सहा जणींनी दोन तास सोडलं नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवते, कारण हे मला दुसऱ्या वर्षातच कळायला हवं होतं.

जंगलात त्या वर्षातले तीन-चार महिने असतात. बाकी वेळ संगणक, तक्ते, आर या आकडेवारीच्या संगणकभाषेतलं कोडिंग आणि लिखाण. "बारावीनंतर गणित सुटलं म्हणून बायोलॉजी घेतली असेल, तर ते गणित इथे परत भेटेल," असं त्या म्हणाल्या. गेट या देशपातळीवरच्या परीक्षेत इकॉलॉजी आणि इव्होल्युशन असा स्वतंत्र पेपर आहे, कोड ईवाय. त्यात गणित आणि संख्यात्मक इकॉलॉजी हा वेगळा भाग आहे. तिसऱ्या वर्षालाही तो पेपर देता येतो. एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस) ही दोन नावं सगळ्यांना माहीत असतात. तिथे जागा मोजक्या, आणि वन्यजीव हा इकॉलॉजीचा एक भागच आहे. मातीतली बुरशी, परागीभवन, शहरातली झाडं, नदीतले मासे हीही इकॉलॉजीच.

नोकरीबद्दल त्यांनी सरळ सांगितलं. संशोधन प्रकल्पांतल्या जागा बहुतेक एक-दोन वर्षांच्या असतात. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि पीएचडीचा रस्ता थोडा मोकळा. वनसेवा हा वेगळा मार्ग: यूपीएससीतून भारतीय वनसेवा किंवा एमपीएससीतून राज्याची. तिथे शास्त्राची पदवी चालते, पण काम प्रशासनाचं आहे. पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या सल्लागार संस्थांना इकॉलॉजी आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ ठेवावा लागतो. त्या कामात पैसे नियमित मिळतात, पण घाईनं केलेल्या अहवालाखाली आपली सही जाऊ द्यायची नाही एवढा कणा लागतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार लागली. नागपुरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, १९५८ पासून. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय अमरावती रोडवर आहे. राज्याचं जैवविविधता मंडळ इथेच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावानं आपली लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, आणि ती नीट करायला झाडं-पाखरं ओळखणारी आणि गावच्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी मुलं लागतात. आम्ही मात्र पुणे-बंगळुरूकडे बघत बसतो. अमरावती रोडनं मी तीन वर्षं जातेय, त्या ब्युरोची पाटी वाचलीय, आत काय चालतं ते कधी विचारलं नाही.

रात्री घरी बोलणं झालं. बाबांना वनसेवा पटली, गणवेश आहे, पेन्शनबिन्शन आहे. आई म्हणाली, "तिला काय आवडते ते तिला करू द्या ना." मी म्हटलं, अजून एक वर्ष बघू द्या. दोघंही हो म्हणाले.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

उन्हाळी इंटर्नशिपसाठी ११ ईमेल पाठवले, दोन उत्तरं आली. एक नकार, एकानं विचारलं, "तुमचा प्रश्न काय आहे आणि तो तुम्ही कसा तपासताय?" या प्रश्नाचं उत्तर मला पाच ओळींत लिहिता आलं. जुलैत आलं नसतं. पहिले सहा ईमेल सगळ्यांना सारखेच पाठवले होते. त्यांतल्या एकाचंही उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

आर शिकतेय. रोज एक तास. एका स्वल्पविरामासाठी अर्धा तास जातो.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

गेट देऊन झालं. परागीभवनावरचे प्रश्न जमले, गणिताचे निम्मे सोडले.

आणि पाकीट उघडलं.

१४ जोड्यांपैकी ९ मध्ये सिमेंटातलं झाड जास्त विरळ. ५ मध्ये उलट.

मला वाटलं होतं १३ तरी येतील. मॅडमनी आरला हात लावू दिला नाही, आधी कागदावर करायला सांगितलं. सिमेंटचा काहीच परिणाम नसता तर प्रत्येक जोडीत कोण विरळ हे नाणेफेकीसारखं झालं असतं. १४ वेळा नाणं उडवलं तर ९ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता ०.२१, म्हणजे पाचात एकाहून थोडी जास्त. म्हणजे माझ्यासारख्या पाच मुलींनी नुसती नाणी उडवली असती, तर त्यांतल्या एकीला माझ्याइतकाच "पुरावा" मिळाला असता. निव्वळ योगायोग नाही असं म्हणायला ही शक्यता सहसा ०.०५ च्या खाली लागते. दोन्ही बाजू (सिमेंटातलं विरळ किंवा आळ्यातलं विरळ) धरून तिथे यायला १४ पैकी निदान १२ जोड्या हव्या होत्या. ११ नाही पुरल्या, ०.०५७ येतं. मग आरमध्ये विल्कॉक्सन चाचणी केली, ती फरकाचं मापही लक्षात घेते. तिनंही तेच सांगितलं.

मला रडू आलं. झाडांना त्रास होत नाहीये असं नाही. मुळांना श्वास घ्यायला मातीतल्या पोकळ्यांतली हवा लागते. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात, आणि तेवढीच माती आम्ही झाकून टाकतो. हे जगभर तपासलं गेलंय. पण माझ्या १४ जोड्यांनी ते दाखवलं नाही, आणि त्यांनी दाखवलं असं मी लिहिणार नाही. कारणं शोधली. कडुनिंब चिवट आहे, झीज दिसायला वर्षं लागत असतील. सर्वांत विरळ झाडं कदाचित आधीच पडून गेली, उरली ती तगलेली. वाळके शेंडे फोमोप्सिस बुरशीनंही येतात, तेलंगणात काही वर्षांपूर्वी त्यानं कडुनिंबं मोठ्या प्रमाणावर वाळली होती, आणि तो रोग सिमेंट-माती बघत नाही. ही सगळी कारणं "चर्चा" या भागात लिहीन, "निष्कर्ष" या भागात नाही.

मार्गदर्शनासाठी मॅडमकडे येणाऱ्या एका मुलीनं सुचवलं की जुलैचा आलेख लाव, तो छान दिसतो. तो लावलाय, पण पद्धत कुठे चुकली ते सांगायला, चुकीच्या रचनेचा नमुना म्हणून.

३० मार्च २०२५, रविवार

गुढीपाडवा. सकाळी वाटेवरच्या झाडांच्या हाताला येतील तेवढ्या डहाळ्या लोकांनी तोडून नेल्या, आईनंही आणल्या. कोवळी तांबूस पालवी आणि फुलांचे तुरे एकदमच आलेत. ज्या झाडाखाली चढायला कट्टा आहे, तिथे जास्त तोड. सिमेंटात कट्टे जास्त आहेत. म्हणजे मार्च अखेरीस फोटो काढले असते, तर पाडव्याचा परिणाम सिमेंटच्या नावावर जमा झाला असता. "शेरा" भागात टाकलं: पाडव्यानंतर तीन आठवडे फोटो नकोत.

प्रकल्प जमा केला. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ही २८ झाडं पुढे चालू ठेवायला तयार झालीय. तिला रजिस्टर, टेप, फोटोंची जागा दाखवणारा नकाशा आणि तांदळाचं धुवण ओतणाऱ्या आजींचा पत्ता दिला.

४ मे २०२५, रविवार

परवा संध्याकाळी वादळ आलं. जोडी ६ मधलं सिमेंटातलं झाड पडलं, पानठेल्याचं. काका सुखरूप, ठेला दबला. सकाळी मी आणि ज्युनिअर दोघी गेलो तेव्हा करवत चालू होती. आम्ही कामगारांना दहा मिनिटं थांबवलं.

मुळांचा गड्डा बघून माझा श्वासच अडकला. जेवढा सिमेंटातला चौकोन, जवळजवळ तेवढाच. ज्युनिअर म्हणाली, "ताई, हाच पुरावा ना?" माझ्या मनातही तेच आलं. फोटो काढले, टेप लावला. मग गड्ड्याच्या रस्त्याकडच्या बाजूला गेलो, तर दोन जाड मुळं सरळ रेषेत कापलेली दिसली. ताजी नाहीत, कड काळी पडून गुंडाळत आलेली.

काकांना विचारलं, इथे कधी खोदलं होतं का?

"नाली टाकली ना. सिमेंट झालं त्याच साली. आधी नाली खोदली, मग वरतून सिमेंट."

जुलैत त्यांनी सिमेंट झाल्यावर शेंडा वाळल्याचं सांगितलं होतं, आणि ते खरंच होतं. मी नालीचं विचारलंच नव्हतं.

तिथेच कट्ट्यावर बसून ज्युनिअरनं तक्त्यात नवे रकाने आखले: खोदकाम, कोणत्या बाजूला, बुंध्यापासून किती अंतरावर, कोणत्या साली, कोणाला विचारलं. ६ च्या पुढे सिमेंटच्या झाडाला "पडलं, ०२-०५-२५" लिहिलं. मग दुकानं उघडली तशी विचारत निघालो. उरलेल्या २७ पैकी ५ झाडांचं कळलं, तिघांच्या जवळून नाली गेलीय, त्यात एक आळ्यातलं आहे. २२ राहिली. पुढच्या रविवारी शंकरनगरपासून.